डहाळ्याचा मान

वीरेंद्र रुसला होता. आता जावई रुसला यात नवल ते काय, जावयाचा तो हक्कच धरला जातो; पण या गड्यानं रुसायला दिवस निवडला तो मेहुणीच्या लग्नाच्या आदल्या दिवसाचा, ऐन मांडवाचा. आणि कारण काय, तर सासऱ्यानं लॉन बुक केलं नाही.

आंधळगावात मोतीलालच्या घरामागं लांबलचक वाडी आहे. विणकराचं घर म्हटलं की मागची जागा लांबच लागते, ताणा, म्हणजे उभे धागे, पसरायचा असतो. त्या जागेत मोतीलालनं चाळीस वर्षं कोशाचं रेशमी सूत ताणलं आणि त्यावर दोन पोरी वाढवल्या. थोरली मंजुषा तुमसरला वीरेंद्रला दिली, तिथं त्याचं दुकान. धाकटी रिता म्हणाली, माझं लग्न इथंच, वाडीत. नवरदेव अंकुर आसगावचा, धानाचे शेतकरी लोक. त्यांनी तर खुशीनं मान डोलावली. पण वीरेंद्रच्या एका दोस्ताचं तुमसर रोडवर लॉन होतं, आणि यानं कुणाला न विचारता दोस्ताला शब्द देऊन टाकला होता. शब्द याचा, खर्च सासऱ्याचा, आणि नाक कापलं गेलं तेही याचंच.

मंजुषाचं स्वतःचं लग्न अकरा वर्षांपूर्वी लॉनवरच झालं होतं, वीरेंद्रच्याच हट्टानं. त्या लग्नातलं तिला काय आठवत होतं? तिची माय राधाबाई एका प्लास्टिकच्या खुर्चीवर परक्या बाईसारखी बसून होती, कारण करायला काही कामच नव्हतं. आणि रात्रीचे दहा वाजले तसे लॉनवाल्याच्या माणसांनी पाहुण्यांच्या बुडाखालच्या खुर्च्या उचलायला घेतल्या. रिताच्या वेळी असलं काही होऊ द्यायचं नाही, हे मंजुषानं मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून पंधरा दिवस आधीच ती आठ वर्षांच्या रीनाला घेऊन माहेरी आली आणि वाडीच्या मागं लागली. मागावरच्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या पोतंभर पडून होत्या. त्या तिनं रंगवल्या, सुतात ओवल्या आणि वाडीच्या दारापासून बोहल्यापर्यंत त्यांच्या माळा सोडल्या. वारा आला की कांड्या एकमेकींवर टकटक वाजत. विणता विणता बिघडलेल्या पातळांच्या किनारी कापून तिनं बांबूंना गुंडाळल्या, हिरव्या, जांभळ्या, केशरी. मे महिन्याचं ऊन डोकं फोडत होतं, तेव्हा पश्चिमेच्या अंगानं वाळ्याचे पडदे लावले, त्यांच्यावर पाणी मारायला पाइप ओढला. गल्लीतल्या बाया रोज संध्याकाळी पाहायला येत आणि नाक मुरडायचं ठरवून येऊनही तोंड उघडं टाकून जात. राधाबाईला तर त्या दिवसांत जमिनीवर पाय टेकायची फुरसत नव्हती, आणि त्यातच तिला सुख वाटत होतं.

सगळं तयार होतं. राहिले होते फक्त डहाळे.

आमच्याकडे लग्नाचा मांडव जांभळाच्या डहाळ्यांनी झाकतात, आणि पहिला भारा आणायचा तो घरच्या जावयानं. बाकीच्या डहाळ्या कुणीही आणाव्या, गाडीभर आणाव्या. पण जावयाचा भारा पडल्याशिवाय एक पान वर चढत नाही. मग मांडवात जावयाला पाटावर बसवतात, सासरा त्याचे पाय धुतो, शेला पांघरतो. मोतीलालला जावई एकच. शेजारच्या घनश्यामच्या शेतातून आलेल्या डहाळ्यांचा ढीग सकाळपासून वाडीत पडून होता, पानं माना टाकायला लागली होती, आणि जावयाचा पत्ता नव्हता.

बाराच्या सुमाराला मंजुषाचा फोन वाजला.

"बाबाले सांग," वीरेंद्र म्हणाला, "चार वाजता मी टेम्पो घेऊन येतो. गंज, भांडे, सारं सामान लॉनवर नेऊन टाकू. मी काही डहाळे आणत नाही. पाहू डहाळ्याबिगर मांडव कसा टाकता ते."

"पत्रिका वाटून झाल्या ना. पाहुणे वाडीत येतीन."

"फोन करून सांगा त्याईले. फोन कायले असते?"

आणि फोन बंद. मंजुषानं जे ऐकलं ते जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं. मोतीलाल खाली बसला. जन्मभर तुटलेला धागा जोडण्यात गेलेला माणूस, त्याला ओढाताण सोसत नाही. मग म्हणाला, "नेऊ बाप्पा लॉनवर. जवाई हाय आपला. पोरीचं पहा लागते."

"कोणत्या पोरीचं?" मंजुषानं विचारलं.

"तुह्यंच व," मोतीलाल जमिनीकडे पाहत म्हणाला. "रिता तं उद्या चालली जाईन. तुले त्याच्या घरी राहा लागते."

हळदीनं पिवळी झालेली रिता दारात उभी होती. "ताई, मले काही नाही," ती म्हणाली. "मी लॉनवर बी बसतो." आणि तोंड फिरवून आत गेली.

मंजुषानं त्या रिकाम्या दाराकडे पाहिलं. अकरा वर्षं हेच चाललं होतं. वीरेंद्र सणाला रुसायचा, बारशाला रुसायचा, भाजीत मीठ कमी पडलं तरी रुसायचा, आणि दर वेळी सगळे तिच्याकडे पाहून वाकायचे. तिच्यासाठी म्हणून. म्हणजे त्याच्या हातातला दोर तीच झाली होती, आणि त्या दोरानं तो तिच्या मायबापाला बांधत होता. हे तिला आजवर कळलं नव्हतं असं नाही, पण आज ते तिला सहन झालं नाही.

"मी आणतो डहाळे," ती म्हणाली.

आमच्या झाडीपट्टीतली बाई 'आणतो'च म्हणते, 'आणते' म्हणत नाही, तेव्हा त्या वाक्याच्या व्याकरणात काही खोट नव्हती. खोट बाकीच्यातच होती. मोतीलालची थोरली बहीण जनाबाई खाटेवर बसली होती, ती उठूनच उभी राहिली. घरातले रीतिरिवाज तिच्या तोंडी असत आणि त्यात काना-मात्रेचा फरक तिला खपत नसे.

"बाई डहाळे आणत नाही," जनाबाई म्हणाली.

"काहून?"

"जवाई आणते म्हणून."

"जवाई काहून आणते?"

हा प्रश्न जनाबाईला सत्तर वर्षांत कुणी विचारला नव्हता. पण ती काही गप्प बसणारी बाई नव्हे. "त्यानं या घरची पोरगी नेली," ती म्हणाली. "नेली म्हणून घराले सावली आणून दे लागते त्याले."

"मंग या घरातून गेली तं मीच ना आत्या. आपली सावली मी आणून देतो."

जनाबाईनं भाचीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. राधाबाईनं पदर तोंडाशी धरला होता. म्हातारी ओरडणार, असं सगळ्यांना वाटलं.

"मंग बराबर आण," जनाबाई म्हणाली. "स्कूटीवर घालून आणशीन तं जमणार नाही. अनवाणी जा, डोक्यावर आण अन् वाजत-गाजत आण. चोरून आणले तं मी मांडवात पाय टाकत नाही."

निघण्यापूर्वी मंजुषानं स्वतःच नवऱ्याला फोन लावला. लपवाछपवी तिला नको होती. "मी डहाळे आणाले जाऊन राहिली," ती म्हणाली.

पलीकडून वीरेंद्र सावकाश बोलला. त्याचा सावकाश आवाजच वाईट असायचा. "एका डहाळीले हात लावला ना, तं तिथंच राहा. पोरगी घेऊन तिथंच राहा."

तिनं फोन ठेवला. खोटं कशाला सांगा, ती घाबरली होती. रीनाची तुमसरची शाळा, आपलं स्वयंपाकघर, कपाटातल्या साड्या, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तिनं पायातल्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या.

जांभळाचं झाड घनश्यामच्या शेतात बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या काठावर होतं. बोडीत पाणी गुडघाभरच उरलं होतं, पण झाड हिरवंगार. घनश्याम कुऱ्हाड घेऊन पुढं आला. "मी तोडून देतो ना, ताई."

"नाही भाऊ. तोडाचं बी मलेच लागते."

कुऱ्हाड धरायची तिला सवय नव्हती. पहिले चार घाव वाया गेले, लाल मुंग्या दंडावर चढून कडकडून चावल्या, साडीचा काठ फाटला. पण भारा झाला. घनश्यामनं तो दोरीनं आवळून तिच्या डोक्यावर दिला, तशी पानं तिच्या डोळ्यांपर्यंत आली.

वेशीवर मांडवासाठी ठरवलेला वाजंत्री कैलाश आपल्या जोडीदाराला घेऊन डफडं शेकत उभा होता. त्यानं तिच्या मागं रस्त्यावर लांबवर पाहिलं. "जवाईबापू मागून येऊन राहिले का?"

"नाही. मीच हावो."

कैलाशनं जोडीदाराकडे पाहिलं. "मंग वाजवू का?"

"वाजव. जवायाले वाजवतेस तसंच वाजव."

आणि कैलाशनं वाजवलं. भर दुपारी, सगळं गाव पंखे-कूलरखाली पडलेलं असताना, आंधळगावच्या मुख्य रस्त्यानं मोतीलालची थोरली पोरगी डोक्यावर जांभळाचा भारा घेऊन अनवाणी चालली. डांबर तव्यासारखं तापलं होतं. दारं उघडली, किराणा दुकानापाशी गप्पा थांबल्या. गल्लीच्या तोंडाशी एका बाईनं मुद्दाम, दहाजणांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "का व मंजू, वीरेंद्र बापू कुठी हायत?"

या प्रश्नाचं उत्तर मंजुषाला पाठ होतं. दुकानात गर्दी हाय, तब्येत बराबर नाही, उद्या येतीन. अकरा वर्षं तिनं हीच उत्तरं माहेरात वाटली होती. ती थांबली. डफडंही थांबलं.

"रुसून बसले तुमसरले," ती मोठ्यानं म्हणाली. "लॉन नाही केलं म्हणून. त्याईच्यानं डहाळे आणणं झालं नाही, मी आणले. उद्या अकराचं लगीन हाय, या."

बोलून झालं आणि तिला एकदम हलकं वाटलं, डोक्यावर एवढा भारा असूनही. ती बाई गडबडून "येतो ना, येतो" म्हणाली. मंजुषा चालायला लागली. कैलाशला आता काय झालं कोण जाणे, तो असा काही वाजवायला लागला की किराणा दुकानातली माणसं उठून रस्त्यावर आली. घर येईस्तोवर तिच्या मागं पंधरा-वीस बाया जमल्या होत्या.

जनाबाईनं दारात तिच्या पायांवर पाणी घातलं नाही. ते मागून, मांडव झाल्यावर, रीतीप्रमाणं. तिनं फक्त भाऱ्याला कुंकू लावलं आणि रस्ता दिला. भारा वर चढला तसे सगळे हात एकदम हलले. घनश्याम आणि गल्लीतली पोरं बांबूंवर चढली, बाया खालून डहाळ्या देऊ लागल्या. साडेतीन वाजेपर्यंत वाडीत हिरवी, गार, दाट सावली पडली. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारलं आणि सगळी वाडी वासानं भरून गेली. त्या सावलीत कांड्यांच्या माळा इतक्या साजऱ्या दिसत होत्या की राधाबाई कारण नसताना रडायला लागली.

पाट मांडला. बाजूला तांब्या, परात, नारळ, शेला. मंजुषा पाटाकडे निघाली आणि त्याच वेळी दारात टेम्पो थांबला.

वीरेंद्र आत आला. त्यानं वर मांडव पाहिला, खाली पाट पाहिला, परातीशी तांब्या घेऊन बसलेला सासरा पाहिला, आणि त्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, झालं, लोक वठणीवर आले. बायकोनं डहाळे आणले असतील-नसतील, पाट तर आपल्याचसाठी मांडला आहे. जावई एकच, मग पाट दुसऱ्या कुणाचा असणार?

"ठीक हाय," तो मोठ्या मनानं म्हणाला. "टाकलाच हाय मांडव तं राहू द्या आता." त्यानं बूट काढले. मोजे काढून बुटात कोंबले. खाली वाकून पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडली.

तो उभा राहीपर्यंत मंजुषा पाटावर बसली होती. तिच्या तळपायांना फोड आले होते, काळं डांबर चिकटलं होतं. तिनं दोन्ही पाय परातीत ठेवले.

"बाबा, पाणी टाका."

मोतीलालनं जावयाकडे पाहिलं. मग पोरीच्या तळपायांकडे पाहिलं. त्यानं तांब्या कलता केला आणि दोन्ही हातांनी, सूत सोडवावं तसं हळुवार, तो तिचे पाय धुवायला लागला. जनाबाईनं शेला उलगडून मंजुषाच्या खांद्यावर टाकला.

वीरेंद्र तसाच उभा होता, अनवाणी, पँट दुमडलेली, शंभर डोळ्यांपुढं. तो दोन पावलं जवळ आला आणि त्या सावकाश आवाजात म्हणाला, "फोनवर काय म्हटलं होतं मी, ध्यानात हाय ना?"

"हाय," मंजुषा म्हणाली. तिनं आवाज खाली आणला नाही. "इथंच राहा म्हटलं होतं. मी राहाले तयार हाय. तुम्ही लग्नाले आले असान तं बसा, जेवण करून जा. अन् पाय धुवाचे असतीन तं नळ त्या कोपऱ्यात हाय."