खिशातल्या गोळ्या

कपडा हाती आला की आधी खिसा तपासायचा, हा इस्त्रीवालीचा नेम. गिऱ्हाइकांच्या चाव्या, चष्मे, एकदा तर कुणाची कवळीसुद्धा तिने जशीच्या तशी परत केली होती. नवऱ्याचा खिसा मात्र तिने कधी बघितला नाही. आज त्याचा सदरा बादलीत बुडवला आणि खिशातला पांढरा लगदा तिच्या बोटांना लागला.

गोळ्या! हृदयाच्या, अंगातलं पाणी उतरवायच्या. तिने स्वतःच्या हाताने त्याला दिलेल्या.

ती ओल्या हातांनीच आत धावली. तो उशांना टेकून, भिंतीकडे तोंड करून बसला होता. पाय सुजून टम्म झालेले, बसल्या जागी धाप.

"अहो, गोळ्या का नाही घेतल्या?"

"घेऊन काय करायचंय?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

डॉक्टरांनी मागेच बजावलं होतं, "हृदय थकलं की मनही खचतं, आणि खचलेलं मन हृदयाला सावरू देत नाही. ह्यांना मनाच्या डॉक्टरांनाही दाखवा." तिने मान डोलावली आणि विषय तिथेच गाडला. हृदयाचं दुखणं चारचौघांत सांगता येतं. मनाचं सांगितलं की साऱ्या घराण्यावर वेडाचा शिक्का बसतो, आणि घरात लग्नाची मुलगी! अब्रूच्या या खुळापायी किती माणसं आपण अशी भिंतीकडे तोंड करून बसवून ठेवली असतील?

आणि मुलाकडची मंडळी लग्न पक्कं करायला आजच येणार होती. ती नुसती आतबाहेर करत राहिली. चहा देऊन त्यांना वाटेला लावू, मग ह्यांना दवाखान्यात नेऊ. एवढ्यात त्याला जोराचा खोकला आला, ओठ काळसर दिसले, आणि तिचा धीर सुटला.

"पोरी, गाडी बोलाव!"

नेमकी दारातच मंडळी समोर आली. "अगंबाई, कुठे निघालात?" मुलाच्या आईने विचारलं.

"दवाखान्यात. ह्यांच्या हृदयाचं तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण ह्यांचं मनही आजारी आहे. जगावंसंच वाटत नाही ह्यांना. मी लाजेपायी लपवलं."

मुलाची आई दोन पावलं मागे सरली. मुलाने मान खाली घातली. लेकीने मात्र बापाचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

गाडीत तो धापा टाकत पुटपुटला, "अगं... हिचं लग्न मोडेल."

तिला रडूच फुटलं. कित्येक दिवसांत त्याने कशाचीच काळजी केली नव्हती.

"मोडू दे," ती म्हणाली. "तुम्ही तेवढे राहा."