बदरोद्दीनचाचांचा ठप्पा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रजनीताईंच्या कारखान्यात तेलविहिरींसाठी व्हॉल्व्ह बनत. प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये हवा भरून वृद्ध बदरोद्दीनचाचा तो पाण्याच्या हौदात बुडवीत आणि एकही बुडबुडा उठला नाही, तरच त्यावर हातोडीने आपला ठप्पा मारीत. एकोणीस वर्षे हा नेम त्यांनी नमाजाइतक्याच निष्ठेने पाळला होता.

त्या सकाळी ते आले, तेव्हा हौद रिकामा करवून रजनीताई तिथेच उभ्या होत्या.

"चाचा, अमेरिकेत तेलविहिरींतून होणाऱ्या मिथेन वायूच्या गळतीवर कंपन्यांना शुल्क बसणार होतं ना, त्याचा नियमच तिथल्या खासदारांनी रद्द केला. तिथलं आपलं गिऱ्हाईक म्हणतंय, तपासणीचा खर्चा नको. नुसता ठप्पा मारून माल जल्दी पाठवा."

"न तपासता?"

"तिथं आता कोण बघून राह्यलंय?"

चाचांचे खांदे उतरले. वाद घालण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. त्यांनी खिशातून ठप्पा काढला आणि ताईंच्या तळहातावर ठेवला.

"मंग तूच मार, बेटा. माझा हात न्हाई उठायचा."

रजनीताईंनी व्हॉल्व्हवर ठप्पा टेकवला, हातोडी उचलली. ती बराच वेळ तशीच अधांतरी राहिली. अखेर ती खाली ठेवून त्यांनी हौदाचा नळ सोडला.

"आजचा माल तपासून जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "उद्याचं मला न्हाई सांगता येणार."

हौद भरायला अर्धा तास लागणार होता. दोघेही बाकावर बसून पाण्याची संथ धार पाहत राहिले.