उघड्या दाराचा ट्रक

भिंगाखाली दाराची मूठ आली आणि मुठीच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढं बटण दिसलं, तेव्हा एर्लीनला बरं वाटलं. अंगठ्यानं दाबायचं बटण... म्हणजे गाडी बावन्न सालच्या आधीची नाही. त्याआधीच्या शेवरले ट्रकांच्या मुठी पिरगाळाव्या लागत, आणि लहानपणी त्या तिच्या हातून कधी उघडल्याच नाहीत – पपा आतून हात घालून दार उघडायचे आणि हसायचे – पण ते आता नको. आधी गाडी.

तिची कामाची एक रीत होती, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तिनं तीत तसूभर बदल केला नव्हता. जुन्या मालट्रकांच्या शौकीन मंडळींचं एक मासिक पत्रक निघे. त्यात दर महिन्याला घरं तापवायचं तेल घरोघर पोचवणाऱ्या एखाद्या जुन्या गाडीचा फोटो येई, आणि खाली एर्लीन बुशारनं सांगितलेलं साल. फोटो हातात पडला की ती कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याची कापलेली पट्टी ठेवून आधी त्यातली माणसं झाकून टाकी. माणसं फसवतात. एकच कोट माणूस वीस वर्षं घालतो, बापाची टोपी मुलाच्या डोक्यावर जाते, आणि एकदा का चेहरा बघितला की मन लागलंच गोष्टी रचायला. टाकीचंही तेच. जुन्या गाडीची टाकी उतरवून नव्या गाडीवर चढवायची चाल सगळीकडे होती, टाकीवर भरवसा ठेवून भल्याभल्यांनी दहा-दहा वर्षांच्या चुका केल्या होत्या आणि एर्लीननं त्या पत्रकातून जाहीर सुधारल्या होत्या, जराशा खवचटपणे. तीन खुणा जुळल्याखेरीज साल सांगायचं नाही.

दुसरी खूण पुढची काच. मधोमध पट्टी नाही, सलग काच... चोपन्न. तिसरी पुढची जाळी, अधिकच्या चिन्हासारखी. चोपन्नच, फार तर पंचावन्नचा आरंभ. जाळी कुणी मागाहून बदललीही असेल, पण काचेसाठी चालकाची अख्खी केबिन बदलावी लागते, एवढा उपद्व्याप कुठला तेलवाला करत नाही. मागची झाडं पानांनी भरलेली, म्हणजे उन्हाळा. चोपन्नचा उन्हाळा. झालं काम.

काम झालं की पट्टी उचलायची, हीसुद्धा रीतच. एक नजर टाकायची आणि कागदावर लिहायचं – चालक : अज्ञात. पंचवीस वर्षांत तिनं हे इतक्यांदा लिहिलं होतं की त्या अक्षरांमागे माणूस असतो हेही तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. तिनं पट्टी उचलली. नेहमीसारखा तेलाच्या नळीवर डावा पाय ठेवून, टोपी मागे सारून, हातमोजे मागच्या खिशात खोचून पपा उभे होते.

नाही. तिनं पट्टी परत ठेवली. स्वयंपाकघरातलं घड्याळ, टेबलावरची थंड झालेली कॉफी, खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ... सगळं जिथल्या तिथे होतं, आणि तरी आपल्या पाठीमागे कुणीतरी आत्ताच येऊन उभं राहिलंय असं तिला वाटलं. मागे वळून बघायचं धैर्य झालं नाही. मग स्वतःचाच राग येऊन तिनं पट्टी पुन्हा उचलली. पपा तिथेच होते.

पपा एक्कावन्नच्या मार्चमध्ये गेले. तळ्यापलीकडच्या लाकूडतोड्यांच्या तळावर तेल द्यायला बर्फावरून निघाले आणि मध्यावर बर्फ फुटला. ती सात वर्षांची होती. मे महिन्यात साखळ्या लावून ट्रक वर काढला, आत कुणी नव्हतं. चालकाच्या बाजूचं दार सताड उघडं होतं. पण बर्फावर गाडी हाकणारे सगळेच दार उघडं ठेवत, तडकल्याचा आवाज झाला तर उडी मारता यावी म्हणून, तेव्हा त्या दाराचं कुणाला काही वाटलं नाही. चर्चमागे दगड बसवला. दगडाखाली कुणी नाही हे गावाला ठाऊक होतं. दर मार्चमध्ये आई आणि ती तिथे हार ठेवून येत, आणि आई एकदाही रडली नाही... काय काळीज आहे बाईचं, असं गाव कौतुकानं म्हणे.

आणि फोटोतल्या ट्रकचंही दार उघडं होतं. भर उन्हाळ्यात, कोरड्या रस्त्यावर.

तेवढ्यात तळघरातून शिट्टी आली. एर्लीननं भिंग खाली ठेवलं – मग तिच्या लक्षात आलं, तेलवाला आला आहे, टाकी भरतेय. टाकीत तेल शिरलं की आतली हवा अशी शिट्टी घालत बाहेर पडते. लहानपणी शेजारच्या घरांतून ही शिट्टी ऐकू आली की तिला कळायचं, पपा आता कुठे आहेत. शिट्टी घरभर फिरली आणि एकाएकी थांबली.

बिल घेऊन रॉड्रिग दाराशी आला. नाकाचा शेंडा लाल.

"टाकी तळाला गेली होती, मिस बुशार. थंडी खाऊन दिवस काढायचा बेत होता का?"

"रॉड्रिग, गाडी उभी केल्यावर तू दार उघडं टाकतोस का रे?"

"मी? डोकं फिरलंय का माझं? सगळी ऊब जाईल." तो हसला. "आमचे आजोबा टाकायचे. ऐन उन्हाळ्यात, अंगणातसुद्धा. माश्या शिरतात म्हणून आजी करवादायची. दोन हिवाळे तळ्यावरून गाडी नेली होती त्यांनी, मग जन्मभर त्यांचा हात दाराकडे गेला नाही. का, काय झालं?"

"काही नाही. एका फोटोत दिसलं."

"मग तो आपल्याकडचाच कुणीतरी असणार," रॉड्रिग म्हणाला, आणि बर्फ तुडवत निघून गेला.

तीन खुणा. नळीवरचा पाय, खिशातले मोजे, उघडं दार. एखादी गाडी असती तर तिनं डोळे मिटून सही केली असती. ती पुन्हा भिंगावर वाकली. टाकीवर अर्धवट नाव, अनोळखी गाव... आणि पुढच्या चाकाच्या चकचकीत टोपणात फोटो काढणारं माणूस. असं नेहमीच उमटलेलं असतं, ती बघत नसे. मसुरीच्या डाळीएवढी बाई. पोटाशी धरलेला खोका-कॅमेरा, त्यात बघायला खाली घातलेली मान, आणि डावं कोपर बाहेर फेकलेलं, वाकडं जुळलेल्या हाडाचं कोपर असतं तसं... आईचं होतं तसं. आई दर ऑगस्टला, ऐन उन्हाळ्यात, आठवडाभर मावशीकडे जायची, एकटीच. येताना एर्लीनसाठी बाहुली आणायची आणि दोन दिवस गुणगुणत भांडी घासायची.

मी तुला विचारलं होतं गं, आई. मला का नेत नाहीस म्हणून. तू म्हणालीस, तुला गाडी लागते.

फोन वाजला. पत्रक काढणारा मर्विन.

"काय मग, कुठल्या सालची आहे आपली म्हातारी?"

"चोपन्न."

"आणि तो माणूस? नेहमीचंच छापतो, अज्ञात. चालेल ना?"

एर्लीननं पट्टी फोटोवर ठेवली आणि परत उचलली.

"एर्लीन?"

"थांब. उद्या सांगते."

"तू? थांब?" मर्विनची थट्टा जरा कमी झाली. "बरी आहेस ना?"

तिनं फोन ठेवला. सत्तर वर्षं ती मेलेल्या बापाची मुलगी होती, आणि त्यात एक सुख होतं हे तिला आत्ता कळत होतं. मेलेला माणूस आपल्याला टाकून गेलेला नसतो. हा माणूस जिवंत होता, जेवत होता, हसत होता; तळ्याकाठच्या घरात एक पोरगी शिट्ट्या ऐकत बसली असताना हा कुठल्यातरी गावात नळी ओढत होता. तिला संताप आला, आणि त्या संतापाच्या पोटात बर्फाखालच्या काळ्या पाण्यातून तो बाहेर निघाल्याचा आनंदही होता... दोन्ही वेगळे करता येईनात.

ती परत वाकली. आता तिच्या ध्यानात आलं की पपा कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. जरा वर बघताहेत, खाली वाकलेल्या बाईच्या कपाळाकडे, आणि तिनं मान वर करायची वाट बघत ओठ दाबून हसताहेत. ती वाट तिच्यासाठी नव्हती. पण आई उभी होती त्याच जागी आज ती होती, तशीच मान खाली घालून, आणि ते हसू तिच्या पांढऱ्या केसांवर येऊन थांबलं होतं. तिनं मान वर केली असती तर चौतिशीतल्या त्या माणसानं टोपीला हात लावून अदबीनं विचारलं असतं, काय हवंय, आजी? एर्लीन तशीच वाकून राहिली. आपण सात वर्षांच्या नाही याची तिला आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटत होती.