बर्फाच्या समुद्रात कृष्णात फायबर्स

माझं नाव नाही अशी जागा उचगावात शोधावी लागते. पाण्याच्या टाक्या, शाळेतल्या घसरगुंड्या, स्मशानातली बाकडी, जे जे मी फायबरचं केलं त्या सगळ्यावर ‘कृष्णात फायबर्स’ आहे आणि खाली मोबाईल नंबर. स्मशानातल्या बाकड्यावर नंबर कशाला, असं बायकोनं विचारलं होतं. मी नंबर आणखी ठळक करून घेतला.

असल्या माणसाला भाचीनं ध्रुवाकडच्या समुद्राचं काम द्यावं, ही तिची चूक. राजनंदिनी पुण्यात समुद्राचा अभ्यास करते. बर्फाळ समुद्रात तरंगते गोळे सोडायचे. ते प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि वरच्या थरातल्या पाण्याचं तापमान उपग्रहावरून कळवत राहतात. त्यांची कवचं उचगावात करून घ्यायला तिचे साहेब तयार नव्हते. तिनं स्वतःच्या जबाबदारीवर मामाचं नाव पुढं केलं आणि मला एकच अट घातली.

“मामा, गोळा पांढराशुभ्र पायजे. त्याच्यावर कायबी लिवू नका.”

गोळे झकास झाले. तिच्या माणसांनी माझ्याच वर्कशॉपमध्ये आत यंत्रं बसवली आणि तोंडं बंद केली. पेट्यांना खिळे ठोकायची वेळ आली तसा मी गोळ्यांभोवती घुटमळायला लागलो. एवढ्या लांब माल चाललाय आणि कुणाचा ते कुणाला कळणारही नाही? एका गोळ्यानं काय होतंय, म्हणून मी जोतीराम पेंटरला बोलावलं. जोतीराम उसाच्या ट्रॉल्या रंगवतो. त्याला बारीक लिहिता येत नाही आणि मला बारीक चालत नाही. गोळ्याच्या पोटाभोवती काळ्याभोर अक्षरांचा पट्टा फिरला. नंबरही घातला. न जाणो, एखाद्या पांढऱ्या अस्वलाला टाकी हवी असली तर.

जहाजावर पेटी उघडल्यावर राजनंदिनीनं ते पाहिलं. खरडून काढायला हवं होतं. पण मामाचं नाव खरडायला तिचा हात धजेना, तिनं गोळा तसाच सोडला.

तिकडं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. शेजारच्या सगळ्या गोळ्यांचं तापमान जुळत होतं, माझा एकटा अर्धा अंश जास्त सांगत होता. काळा रंग ऊन पीत होता, कवच तापत होतं आणि आतला तापमापक त्यालाच समुद्र समजत होता. राजनंदिनीनं हे सगळं फोनवर शांतपणे सांगितलं.

“साहेब म्हणत्यात, ज्यानं एवढं ऐकलं न्हाय त्याच्या बाकीच्या कामाचा काय भरवसा? मिटिंगमध्ये मलाच विचारलं, हे नाव कुणाचं?”

“मग?”

“माझ्या मामाचं म्हटलं.”

जन्मात पहिल्यांदा मला माझ्या नावाची लाज वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा आणि अवलक्षण पोरीच्या वाट्याला. गोळा काही परत आणता येत नाही. तो वाहत राहतो आणि खोटं सांगत राहतो. राजनंदिनीनं पाठवलेल्या नकाशावर मी रोज मोबाईलमध्ये त्याचा ठिपका आणि आकडा बघत बसायचो. तिकडं आभाळ भरून आलं की आकडा उतरायचा, ऊन पडलं की चढायचा. टाक्या विकून पोट भरणारा मी, उत्तर ध्रुवावर ढग यावेत म्हणून जोतिबाला नवस बोललो.

ढगांच्या मागोमाग रात्र आली, तिकडची, महिनोन्‌महिने चालणारी. सूर्य बुडाला आणि माझ्या गोळ्याचा आकडा बाकीच्यांशी तंतोतंत जुळला.

पुन्हा राजनंदिनीचा फोन आला तेव्हा मी टाकी घासत होतो. माझ्या गोळ्याचे अंधारातले सगळे आकडे साहेबांनी खरे धरले होते. साहेबांनी काही गोळे दुसरीकडूनही करून घेतले होते, ते वादळात फुटले, मामाचे सगळे टिकले. पुढचं काम उचगावलाच मिळालं होतं. माझी छाती लगेच फुगली.

“म्हंजे काम झ्याक हाय की आपलं.”

“काम झ्याकच हाय, मामा,” ती म्हणाली. “तुमी तेवढं नावासकट मधनं बाजूला व्हा.”

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. मी व्हय म्हटलं.