सुटलेली तोफ

“नीलेश, लूज कॅनन म्हंजे काय रे बाप्पा?”

शेजारचा नीलेश इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचा. तो हसला. “सुटलेली तोफ, काका. पहिले जहाजावर तोफा दोरानं बांधून ठेवत. वादळात दोर तुटला का थे घरंगळत जाये अन आपल्याच मानसाईले चेंगरे. कवा काय करीन याचा नेम नाई, अशा मानसाले म्हणतात. कोणाले म्हटलं?”

“आमच्या डेपोत होता एक,” म्हणून प्रभाकरराव उठले.

खरं तर सकाळीच त्यांची लेक सुरभी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, “उद्या पाहुणे येऊन राह्यले, अन मले पप्पांचीच धास्ती आहे. लूज कॅनन आहेत ते!”

तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, गप्प बसणार कसा? मागच्या स्थळाच्या वेळी मुलाच्या मावशीनं सुरभीला चालून दाखवायला सांगितलं, तर हे ताडकन म्हणाले, “घोडी इकत घ्याले आले का?” पाहुणे चहा टाकून उठले. हा किस्सा त्यांनी वर्ध्यापासून पवनारपर्यंत फुशारकीनं सांगितला होता. पोरगी मात्र दोन दिवस जेवली नव्हती, हे त्यांना आत्ता आठवलं. आपल्याच मानसाईले! फार वाईट वाटलं बिचाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी बोरगाव मेघेच्या त्यांच्या घरी पाहुणे आले. प्रभाकरराव “घ्या, पोहे घ्या जी” एवढंच बोलले. “तब्येत बरी आहे ना?” बायको, शोभाबाई, कानाशी येऊन विचारून गेली.

सगळं छान चाललं होतं. मुलगा, अंकुश, सुरभीला आवडला होता. बापाला कळतं ते. मग मुलाचे काका पुंडलिकराव म्हणाले, “पोरगी पसंत आहे. फक्त दवाखान्यातली नोकरी सोडा लागन.”

किती खस्ता खाऊन नर्स झाली होती पोर! प्रभाकररावांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि ते घटाघटा पाणी प्यायले.

सुरभी त्यांच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले.

“पप्पा, आज काऊन बोलत नाई तुमी?”

“सुटलेल्या तोफेले दोर बांधला, बाई.”

सुरभीनं जीभ चावली. भर बैठकीत ती उठली आणि बापाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. “सोडा तो दोर. बोला.”

“पुंडलिकराव, पोरगी नोकरी नाई सोडणार.” भरल्या एसटीत घुमणारा तो आवाज आज मध्येच चिरकला. पुढे एक शब्द वाकडा गेला नाही.

पुंडलिकराव उठले. अंकुश बसूनच होता. प्रभाकररावांनी हात जोडले, “चहा तरी घेऊन जा जी.”

सुरभीचा हात त्यांच्या खांद्यावर होता. तो तिनं काढला नाही.