चांगला नमुना

प्रयोगशाळेतल्या मुलीने काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि चकती हळूहळू फिरवली. निळा धूसरपणा आधी हलला, मग स्थिरावला. होत्या. बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या. काही एकेकट्या, काही दोन-तीन मिळून, कुणाच्या तरी मुठीतून सांडल्यासारख्या. हे क्षयाचेच जंतू, यात शंका घ्यायला त्या काचेत जागाच नव्हती.

ही काच ज्या बाळंतिणीची, तिचीच दुसरी काच शेजारी होती. ती काल घेतलेल्या बेडक्याच्या नमुन्याची. बाईने तो इथेच, खिडकीबाहेर उभं राहून दिला होता. त्या काचेवर सगळीकडे नुसतं निळं, एकही लाल काडी नाही.

"अजून तिथेच आहेस?" डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक्स-रे होता.

"एक काच हो म्हणते, एक नाही म्हणते."

"आणि हा बघ तिसरा शहाणा." त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "फुप्फुसं लख्ख. ताप नाही, वजन उतरलेलं नाही. खोकला होता, तोही सर्दीबरोबर गेला. काचांची अदलाबदल तर झाली नाही ना गं?"

"ही काच केली त्या दिवशी दुसरी एकही काच लाल नव्हती. अदलाबदल करायची तर कुणाशी?"

"मग तेल?"

तेलाचा तिनेही विचार केला होता. भिंगासाठी काचेवर तेलाचा थेंब सोडताना ड्रॉपरचं टोक टेकलं, तर एका काचेवरचे जंतू पुढच्या काचेवर जातात. म्हणून तिने तेल बदललं, रंग नव्याने गाळला, नमुना न लावलेली कोरी काचही रंगवून तपासून पाहिली. तिला शिकवलं होतं की निष्कर्ष पटत नसेल तर आधी स्वतःचे हात तपासावेत. हात तपासून झाले होते. आता काय तपासायचं, ते कळत नव्हतं.

"मला आज तिला काहीतरी सांगावं लागणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळ्या सुरू केल्या तर सहा महिने. नाही केल्या आणि तुझी लाल काच खरी निघाली, तर घरात तान्हं मूल आहे."

"ते मूल आठवडाभर आईजवळ गेलेलं नाही."

"मास्क लावून खुशाल पाज, असं मी स्पष्ट सांगितलं होतं. पण त्या घरात माझं नाही, आजीचं चालतं. जा, तू बोल तिच्याशी. काय विचारायचं ते मलाही सुचत नाही."

ती बाहेर आली. लांब बाकाच्या एका टोकाला बाळंतीण बसली होती, नाकावर मास्क, हातांची घडी घट्ट. दुसऱ्या टोकाला तिची आई, मांडीवर बाळ. मधल्या जागेत चार माणसं बसली असती. तिथे फक्त दुपट्यांची पिशवी आणि एक झाकणाचा पेला होता.

बाळ कुरकुरलं, मग रडू लागलं. बाळंतिणीने घडी आणखी आवळली, तरी छातीवरचा कपडा ओला होत गेलेला दिसलाच. ती समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली.

"तिचंच दूध आहे हो," आजी कुणी विचारलेलं नसताना म्हणाली. "काढून आणलंय. फक्त तिच्या अंगाचा वारा नको." तिने चमचा भरला, त्यावर हलकेच फुंकर घातली आणि बाळाच्या ओठांना लावला. मग मान वळवून खांद्याआड खोकली. घसा साफ करावा तशी, सवयीने.

"आजी, मास्क आहे तिच्या तोंडावर. जवळ घेतलं तर चालेल."

"चालेल म्हणता, आणि रिपोर्ट तर लाल म्हणता. मी कुणाचं धरू?"

प्रयोगशाळेतली मुलगी बाळंतिणीसमोर उकिडवी बसली.

"ताई, थोडं मागचं विचारते. सुरुवातीला तुमची डबी मी परत पाठवली होती."

"दोनदा." मास्कच्या वर डोळे किंचित हसले. "नुसती थुंकी आहे म्हणालात. आई घरी येऊन मला रागावली, साधं खोकताही येत नाही म्हणून."

"आणि तिसरी?"

"तीही तशीच. तुम्ही सांगितलं तसं सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, पोटातून खोकले. आलं काय, पाणी. मला वाटलं, आता पुन्हा परत येणार. पण तुम्ही शाबासकी दिलीत म्हणे."

शाबासकी तिने दिली होती. तिला तो क्षण नीट आठवला. डबी उजेडात धरली होती. घट्ट, पिवळसर, हवा तसा बेडका. 'आता कसा आला चांगला नमुना,' असं ती खिडकीतून म्हणाली होती, आणि पलीकडे आजीचा चेहरा शाळेत पहिला नंबर आल्यासारखा फुलला होता.

"पाणी?" तिने विचारलं.

"पाणीच म्हणा ना."

ती आजीकडे वळली. आजी चमच्यातला शेवटचा थेंब पेल्याच्या काठावर निथळत होती, फार काळजीपूर्वक.

"आजी, डबी तुम्ही आणली होतीत."

"मीच आणणार ना. हिला रात्रभर पोराने जागवलेलं."

"जशीच्या तशी आणलीत?"

आजीने पेल्यावर झाकण ठेवलं. "आता तुमच्यापासून काय लपवायचं? डबी उघडून बघितली तर पुन्हा पाणी. तुम्ही तिसऱ्यांदा परत पाठवलं असतंत. मग म्हटलं, तुम्हाला घट्टच हवाय ना. थोडी भर घातली."

"कशाची?"

"माझ्याकडे काय कमी आहे? सकाळी उठलं की हवा तेवढा." तिने समोरच्या दोघींना समजावून सांगितलं. "अहो, माझा खोकला जुना आहे. तो काही आजारातला नाही. आणि आईचंच तर आहे, परकं थोडंच मिसळलं?"

आतून नळाचा आवाज येत होता. बाळंतिणीचा हात मास्ककडे गेला आणि तिथेच राहिला.

मग आजीचाच चेहरा उजळला.

"थांबा. म्हणजे ते लाल हिचं नव्हेच. हिच्या कालच्यात काही नव्हतं, फोटोतही नाही. म्हणजे पोरगी चांगली आहे की माझी." ती हसायला लागली. हसता हसता खोकली, डोळे पुसले, आणि बाळाला उचलून लेकीसमोर जाऊन उभी राहिली. "घे बाई. आठवडाभर उगाच छळलं तुला. माझंच डोकं फिरलेलं. घे, पाज."

बाळंतीण उठली. मास्क काढून तिने बाकावर टाकला आणि बाळ घेतलं. घेतलं ते ओढून घेतल्यासारखं. बाळाचं तोंड लगेच ओल्या कपड्याला भिडलं.

आणि ती एक पाऊल मागे सरकली.

तिने ठरवून केलं नसावं. तिलाच ते उशिरा कळलं असावं, कारण तिने मान खाली घातली. पण आजीचे रिकामे हात अजून पुढे होते, आणि ते दोघींच्या मध्ये तसेच राहिले. आजीने लेकीकडे पाहिलं, मग दुधाच्या पेल्याकडे, चमच्याकडे. खोकल्याची उबळ आली तशी तिने ती दाबून धरली. चेहरा लाल होईपर्यंत.

मग ती वाकली आणि लेकीने टाकलेला मास्क उचलून कानांना अडकवू लागली. एक दोरी सारखी निसटत होती.

"तो नको, आजी," प्रयोगशाळेतली मुलगी उठत म्हणाली. "नवा देते. आणि एक डबी देते."