पलीकडची इमारत

"पुन्हा इथेच?" सिस्टरने कमरेवर हात ठेवले. "तुला पलीकडच्या इमारतीत बोलावलंय ना आज?"

मुलांच्या हृदयविभागात, हत्ती-जिराफ रंगवलेल्या भिंतीखाली, एवढ्याशा खुर्चीत चिमणी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हृदय जन्मतःच अधू. पहिल्या ऑपरेशनला आली तेव्हा मूठभर जीव होता, म्हणून सिस्टरनेच ठेवलेलं हे नाव. आता ही बया कॉलेजात जाऊ लागली होती, आणि मोठ्यांच्या विभागाने दिलेल्या दोन तारखा तिने खुशाल बुडवल्या होत्या. तिथे सगळे म्हातारे बसलेले असतात म्हणे. शिवाय तिथे तुम्ही कुठे आहात, असंही वर ऐकवलं.

खरं सांगायचं तर सिस्टरला ते आवडलं. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, आणि टाके काढताना ही पोर तिचंच बोट धरून ठेवायची. जाऊ नकोस, राहा इथेच, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलांचं वय उलटल्यावर इथले डॉक्टर आता चिमणीला तपासणार नव्हते. इथून सुटलेली आणि तिथे न पोचलेली मुलं सिस्टरने पाहिली होती. त्यातल्या एकाला तर आणलं तेव्हा फार उशीर झाला होता.

"लाड पुरे झाले," ती म्हणाली. "ऊठ."

वाटेत तिने उजळणी घ्यायचा प्रयत्न केला. कुठली झडप बदलली, गोळी कोणती, दम कधी लागतो. वर्षभर तिने पोरीकडून हे घोकून घेतलं होतं, पण डॉक्टरांपुढे आई बोलायची, आई थकली की सिस्टर बोलायची. पोरीला तोंड उघडायची वेळच येत नसे. आजही महाराणींनी तोंडाला कुलूप लावलेलं होतं.

पलीकडे भिंती कोऱ्या होत्या. तिथल्या नर्सने चिमणीचं पूर्ण नाव पुकारलं आणि सवयीने सिस्टरच ताडकन उभी राहिली. चिमणीने तिला हाताला धरून खाली बसवलं.

"तुम्ही बसा. मला सांगता येतं."

ती डॉक्टरांच्या खोलीत गेली, पण दार अर्धवट उघडंच राहिलं. आतून चिमणीचा आवाज येत होता, आधी चाचरत, मग नीट. ऑपरेशनं, झडप, गोळ्या. एक चूक नाही. सिस्टरला हसू आलं.

"आणि हल्ली जिना चढताना मध्येच थांबावं लागतं," आत ती म्हणाली. "घरी आईला बोलले नाही. सिस्टरनाही नाही. दोघी फार घाबरतात हो."

सिस्टर उठून दारापाशी गेली. जिना, कधीपासून, किती पायऱ्या, सगळं विचारायचं होतं. आत चिमणी पाठमोरी बसली होती, पाठ ताठ करून. बाहेर बसलेल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून सिस्टरने दार बाहेरून हलकेच ओढून घेतलं.